त्या दिवशी कामावर असलेले

माझी नात फोनवर काही शोधायला बसली की मला हसू येतं. ती फोनशी माणसासारखं बोलते. "आजीचे गुडघे दुखतात, काय करावं?" असं विचारते आणि फोन तिला तेल विकतो. मी म्हणते, "अगं, प्रश्न विचारू नकोस. उत्तरात जे शब्द असतील ते दे." ती म्हणते, "आजी, हे तुला कोणी शिकवलं?" मी सांगते, मेश्राम बाईंनी. नातीला वाटतं, बाई कॉम्प्युटरच्या मोठ्या मास्तरीण असतील. बाईंना माउसला हात लावायचीही किळस होती. तो उलटा करून पाहायच्या आणि म्हणायच्या, "याच्या पोटात लाल दिवा काहून लागते व?"

कमल मेश्राम नेरच्या एका जिनिंग सोसायटीत हेडक्लार्क होत्या. सोसायटीचं नाव सांगत नाही. तेव्हाच्या अध्यक्षांची सून भिशीत माझ्या शेजारी बसते, आणि मला भिशी सोडायची नाही. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. ऑफिस त्याच आवारात होतं. सीझनभर फायलींवर, चहावर, भुवयांवर रुईचा पांढरा थर. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा चाळिशी गाठलेली होती. हातात कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात एवढी हवा, की ऑफिसात पंख्याची गरज नव्हती.

कापसाचे ते वाईट दिवस होते. सरकारी खरेदी आटत चाललेली, भाव पडलेला. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ज्या कारणासाठी यायचं ते घरात मोठ्यानं कोणी वाचत नसे. कॅमेरे घेऊन लोक यायचे. त्यातल्या एकानं बाईंसमोर माइक धरून विचारलं, "मॅडम, इथली परिस्थिती काय आहे?" बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. "बसा, चहा घ्या. परिस्थिती आत्ताच जेवाले गेली."

बाई बुटक्या, ताठ. केस तेल लावून असे चोपलेले की वारा परवानगी घेऊन पुढे जाई. चष्म्याला काळी दोरी, पर्समध्ये स्टीलची पट्टी, डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. एक खोड होती. समोरच्याच्या कपड्यावर रुईचा कण दिसला की बोलता बोलता हात पुढे जायचा आणि तो कण चिमटीत उचलला जायचा. मग समोर हमाल असो, तपासणीला आलेला अधिकारी असो. अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या जाकिटावरचेही कण बाई वेचायच्या, आणि ते शाळेतल्या मुलासारखे हात खाली सोडून उभे राहायचे.

ही खोड कुठून आली ते मला उशिरा कळलं. बाईंची आई याच जिनात ओट्यावर बसून कवडी वेचायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तो चांगल्या कापसातून हातानं निवडून काढावा लागतो. बाई लहानपणी आईच्या बाजूला बसून तेच करायच्या. तिथून शिकून, टायपिंग करून, त्या पायऱ्या चढून ऑफिसात आल्या. याचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. "माह्या कागदात सुई जात नाही," हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकलेलं आहे. शेवटी मीच मनात म्हणायची, बाई, सुई घालायला बसलंय कोण?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठींच्या वाहतुकीचा करार करायला सांगितला. मी हुशार. जुना करार उघडला, जुन्या ट्रकवाल्याचं नाव काढलं, नवीन घातलं, पाच मिनिटांत छापून समोर ठेवला. बाईंनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा भीमराव कोन व?"

"जुना ट्रकवाला असेल, बाई. राहून गेलं नाव."

"तो मागच्या साली वारला. मेलेल्या मानसाले तू पावसापान्याची गाडी चालवाले लावली. भाडं कोनाले देशीन, त्याच्या फोटोले?"

ऑफिस हसलं. मी रडकुंडीला आले आणि वर म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक आहे." आजही आठवलं की स्वतःचेच कान पिळावेसे वाटतात.

त्यानंतर बाईंनी मला करार करायला शिकवलं. शिकवणं म्हणजे काय, पट्टी हातात घेऊन अपमान करणं. जुन्या कागदावरून नवीन करायचा असेल तर आधी जुन्यातली सगळी नावं, तारखा, गावं खोडून तिथे भोकं पाडायची आणि मगच भरायला बसायचं. "भोक दिसते. जुनं नाव दिसत नाही." पानाचा शेवटचा शब्द पुढच्या पानाच्या डोक्यावर पुन्हा लिहायचा, म्हणजे मधलं पान कोणी बदललं तर साखळी तुटते. मोकळी जागा सोडायची नाही, तिच्यावर पट्टीनं आडवी रेघ. आणि दुसरीकडून एखादं कलम उचलून आणलं तर त्यावर बाईंचा खास दम होता. "दुसऱ्याच्या घरची ओळ आनली, तं आधी इचार, तिकडं दिवस कसा उगवते. तिकडचं कुलूप आपल्या दाराले बसन का?"

पण बाईंचा खरा थाट वाचनाचा. सही व्हायच्या आधी त्या सगळा करार मोठ्यानं वाचायच्या, सही करणाऱ्यांना आणि ज्यांची सही लागत नव्हती त्यांनाही. हमालीचा करार असेल तर हमालांना बोलवायच्या. भाऊसाहेब म्हणायचे, "बाई, त्यायले काय समजते?" बाई म्हणायच्या, "ज्याच्या पोटावर कागद बसते, त्याच्या कानावर तं जाऊ द्या." आधी कलम कागदाच्या भाषेत वाचायच्या, एखाद्या बातम्या देणाऱ्या बाईसारखं. मग चष्मा कपाळावर आणि "म्हंजे..." करून तेच आपल्या वऱ्हाडीत. त्या "म्हंजे"साठी लोक बसून राहायचे. मध्ये कोणी बोललं की पट्टी टेबलावर. "आधी पूर्ण आयका. मंग बोला." आणि पूर्ण झाल्यावर बोलायची कोणाची हिंमत होत नसे.

नेरला इंटरनेट कॅफे निघाला तेव्हा ऑफिसतर्फे मला पाठवायचं ठरलं. बाई बरोबर आल्या, माझ्यावर नजर ठेवायला. मी खुर्चीत बसले, बोटं मोडली आणि शोधायच्या चौकटीत इंग्रजीत लिहिलं की आदरणीय महोदय, कृपया आम्हांस गोदामाच्या भाड्याच्या कराराचा नमुना पाठवावा, आपली विश्वासू. खाली माझं नावही टाकलं. कॅफेवाला पलीकडे तोंड करून हसत होता.

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "तो अठी कोन साहेब बसला हाये?"

"कोणी नाही, बाई."

"मंग अर्ज कोनाले करून राह्यली?" मग म्हणाल्या, "हे गोदाम हाये, गोदाम. लाखो कागदं पडून हायेत. तुले जो कागद पायजे त्याच्यात कोन्ते शब्द असतीन? तेवढेच सांग. बाकी दया-माया कायले लिहितं?"

मी चार शब्द टाकले. पान उघडलं. मी आनंदानं छापायला निघाले तर बाईंनी मनगट धरलं. "थांब. कोनं लिवलं? कोन्त्या गावचं? कदीचं?" ते बर्फ पडणाऱ्या देशातलं निघालं. छपरावरचा बर्फ कोणी काढायचा याचं त्यात एक मोठं कलम होतं. नेरमध्ये उन्हाळ्यात पत्र्यावर पापड वाळतात. बाई आठवडाभर मला विचारायच्या, "काय व, बर्फ काढला का?"

हे सगळं मजेचं होतं. मग भाऊसाहेबांनी जिन भाड्यानं द्यायचं काढलं.

सोसायटीला चालवणं झेपत नव्हतं हे खरं होतं. बाहेरगावचा एक व्यापारी तयार झाला. लांब मुदतीचा भाडेपट्टा, यंत्रांसकट. ऑफिसात प्रत्येक जण आपल्या खुर्चीकडे पाहू लागला. बाई खिडकीतून ओट्याकडे पाहत होत्या. तिथे कवडी वेचणाऱ्या बाया होत्या. काही नेरच्या, काही बाजूच्या खेड्यांतल्या, काही तांड्यावरच्या. पारूबाई राठोड त्यांची म्होरकी, बाईंच्या आईच्या हाताखाली शिकलेली. ती ऑफिसच्या दारात आली आणि म्हणाली, "कमल, नवा मालक आला तं आमाले ठेवन का?" साऱ्या जगात बाईंना कमल म्हणणारी ती एकटी.

"कागदात टाकतो," बाई म्हणाल्या. "कागदात आलं की त्याचा बाप ठेवन."

त्यानंतर बाई रोज दुपारी मला कॅफेत घेऊन जायच्या. आधी घरून शब्द लिहून आणायच्या, खोडायच्या, नवीन लिहायच्या. गिरणी, भाडेपट्टा, कामगार, कायम. मी त्यांचं इंग्रजी करून टाकायची. शेवटी त्यांना हवं ते सापडलं. दूरच्या राज्यातल्या एका कापड गिरणीचा भाडेपट्टा होता, वकिलांनी केलेला, ताजा. त्यात कामगारांचं कलम होतं. बाईंनी ते स्वतः मराठीत उतरवलं. मी टाइप करताना मान हलवत होते, वा बाई, वा. माझी मान तेव्हा कशालाही हलायची.

ते कलम मला पाठ आहे. "हस्तांतरणाच्या दिवशी कामावर असलेल्या सर्व कामगारांना भाडेकरू पक्ष आहे त्याच अटींवर कामावर कायम ठेवील."

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. बाईंनी पट्टी हातात घेतली होती. भाऊसाहेब म्हणाले, "चांगलं आहे की. राहू द्या." मग पंचांग मागवलं. हस्तांतरणाला अक्षय तृतीया ठरली. आमच्याकडे शेतातल्या गड्यांचंही साल याच दिवसांत बदलतं, घरभाडीही याच सुमाराला ठरतात. त्या मुहूर्ताला कोण नाही म्हणणार?

सहीच्या आधी बाईंनी बायांना ओट्यावर जमवलं आणि पूर्ण भाडेपट्टा वाचला. सीझन संपत आला होता, कापसाचा शेवटचा ढीग बाजूला होता. त्या कलमाशी आल्या, कागदाच्या भाषेत वाचलं, चष्मा कपाळावर नेला. "म्हंजे, त्या दिवशी जे जे कामावर हायेत, त्यायले कोनीच काढू शकत नाही." बायांनी टाळ्या वाजवल्या. पारूबाईनं बाईंच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी बाईंना कधी लाजताना पाहिलं असेल तर त्या दिवशी.

अक्षय तृतीयेला व्यापारी गाडीनं आला. पूजा झाली, पेढे वाटले. त्याचा माणूस कराराची प्रत हातात घेऊन आवारात फिरला आणि परत येऊन म्हणाला, "कलमाप्रमाणं कामावर असलेले सगळे ठेवतोय. हेडक्लार्क, टायपिस्ट, चौकीदार. बरोबर?"

मी आनंदानं दुसरा पेढा उचलला. नोकरी टिकली होती. मग बाईंकडे पाहिलं. पेढा त्यांच्या हातात तसाच होता. त्या ओट्याकडे बघत होत्या. ओटा झाडून घेतलेला, रिकामा. त्याच्यावर उन्हाची तिरीप आणि एक कुत्रं झोपलेलं.

जिन होळीच्या पुढेमागे बंद होतं आणि दसऱ्याला सुरू होतं. मधले महिने बाया घरी असतात. दसऱ्याला यंत्राची पूजा होते आणि त्या येऊन आपापल्या जागी बसतात. बाईंची आई अशीच यायची. उन्हाळ्यात काम नसतं, म्हणजे काम गेलं, असं आमच्याकडे कोणी कधीच म्हटलं नव्हतं. बाईंनी म्हटलं नाही, भर ओट्यावर ऐकणाऱ्या बायांनी म्हटलं नाही, टाइप करणारी मी तर तेव्हा सेलमधल्या साड्यांचा विचार करत असेन. त्या दूरच्या गिरणीत बारा महिने भोंगा वाजत होता. तिथलं कुलूप आमच्या दाराला नीट बसलं होतं, आतून.

बाईंच्या बोटांत पेढा कुस्करला गेला. त्या भाऊसाहेबांपुढे गेल्या. "भाऊसाहेब, तुमाले हे समजलं होतं?"

भाऊसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. "बाई, कलम तुमचं. मी काना-मात्रा तरी बदलली का?"

त्यांच्या जाकिटावर रुईचा एक कण होता. बाईंचा हात पुढे गेला, मध्येच थांबला आणि परत आला.

तो उन्हाळा आणि पावसाळा बाईंनी यवतमाळच्या एसटीत घालवला. कामगारांचं ऑफिस, वकील, पुन्हा ऑफिस. सगळे कलम वाचायचे आणि म्हणायचे, अर्थ तर अगदी स्पष्ट आहे. एकानं तर कौतुक केलं, "ड्राफ्टिंग कोणाचं? फार नेटकं आहे." बाई माझ्याबरोबर कॅफेत येऊन बसायच्या. मी विचारायची, "कोणते शब्द टाकू?" त्या कागदावर काहीतरी लिहायच्या आणि खोडायच्या. एका दुपारी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "उत्तरच नसन, तं त्याच्यातले शब्द कोन्ते देऊ?"

बायांना त्यांनी सांगितलं नव्हतं. काहीतरी निघेल, मग सांगू, असं त्यांच्या मनात होतं. निघालं नाही. दसरा आला. बाया धुतलेली लुगडी नेसून, ताटात हळद-कुंकू आणि नारळ घेऊन फाटकाशी आल्या. आत ओट्यावर नव्या मालकाच्या ठेकेदारानं आणलेली बाहेरची माणसं आधीच बसली होती. चौकीदारानं फाटक लावून घेतलं आणि तोंड फिरवलं, कारण तो कलमानं टिकलेला होता.

बाई ऑफिसातून बाहेर पडल्या. हातात भाडेपट्टा. मला वाटलं, समजूत घालतील, रडतील, माफी मागतील. त्यांनी चष्मा लावला आणि फाटकाच्या बाहेर उभं राहून ते कलम वाचलं. त्याच बातम्यांच्या आवाजात, एक अक्षर न गाळता. मग सवयीनं चष्मा कपाळावर नेला. "म्हंजे..."

पुढे काही आलं नाही. मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली होते. ते "म्हंजे" रिकामं राहिलेलं मी तेव्हाच पाहिलं.

बायांनी वाट पाहिली. शेवटी पारूबाई म्हणाली, "म्हंजे आमी त्या दिवशी घरी होतो."

मागून एक जण म्हणाली, "घरी कायले? मी तं लगनात होती, दारव्ह्याले." दोघीतिघी हसल्या. मग हसू थांबलं. पारूबाईनं ताटातला नारळ उचलला, फाटकाकडे पाहिलं, आणि तो पदरात बांधला. "चाल व, घरीच फोडू." जाताना तिनं बाईंच्या गालावरून हात फिरवला नाही आणि शिवीही दिली नाही. "येतो, मेश्राम बाई," एवढंच म्हणाली.

कमल म्हणणारं कोणी उरलं नाही.

बाईंनी आत येऊन टेबल पुसलं, किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या, पर्स घेतली. स्टीलची पट्टी टेबलावरच राहिली. मी म्हटलं, "बाई, तुमची नोकरी तर पक्की आहे. कलमात आहे." त्या म्हणाल्या, "हो नं. सुई जात नाही त्याच्यात." आणि गेल्या. मी थांबले, निवृत्तीपर्यंत. थांबणाऱ्यांबद्दल कोणी लिहीत नाही, ते बरंच आहे.

मधे बरीच वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीला पुण्यात नोकरी लागली आणि तिच्या कंपनीनं जाडजूड करार पाठवला. माझ्यातली चाळिशीतली शहाणी पुन्हा जागी झाली. कराराची प्रत पिशवीत घातली आणि एसटीनं बोरी अरबला गेले. बाई तिथे भाचीकडे राहतात असं कळलं होतं.

अंगणात निंबाच्या सावलीत बसल्या होत्या. जुनी उशी उसवलेली, समोर कापसाचा ढीग. पिवळे गुठळे निवडून एका बाजूला टाकत होत्या. मला ओळखलं, बस म्हणाल्या, हात थांबवला नाही. मी करार पुढे केला.

"मी कागद वाचत नाही आता," बाई म्हणाल्या. "तू वाच. मी आयकतो."

मी वाचायला लागले. माझा आवाज आपोआप बातम्यांसारखा झाला आणि मला माझीच लाज वाटली. बाई मान खाली घालून वेचत होत्या. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर मी वाचलं, "रुजू होण्याच्या दिवशी..."

हात थांबले.

"कोन्ता दिवस?"

"लिहिलंय ना, बाई. जुलैतला."

"तारीख नको सांगू मले. त्या दिवशी पोरगी कुठं राहीन? आजारी असन, लगनात असन, गाडी चुकली असन. तवा तिचं काय, ते कागदात हाये का?"

मी पानं उलटली. पुढे, मागे. नव्हतं.

"नाही, बाई."

बाईंनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. "मंग तिले म्हन, इचारून घे. मधातच इचार म्हन. पूर्ण आयकाची वाट नको पाहू."

माझ्या खांद्यावर उशीतला कापूस उडून बसला होता. तो बाईंना दिसला. मी खांदा थोडा पुढे केला. त्यांनी एकवार पाहिलं आणि पुन्हा ढिगात हात घातला.

फाटकातून मागे वळून पाहिलं तेव्हा पिवळ्याचा ढीग पांढऱ्याहून मोठा झालेला होता.